खळे की शिळावर्तुळ? : मावळचे हवाई छायाचित्र वाचताना

लोहगडाच्या माथ्यापासून एक लांब, निमुळती सोंड बाहेर पडते. तिला विंचूकाटा म्हणतात. शेजारच्या तिकोन्याला त्याचे नाव त्रिकोणी आकारावरून मिळाले. ही नावे ज्यांनी दिली त्यांच्यापैकी कोणीही विमानात बसले नव्हते. समोरच्या डोंगरावर उभे राहून, ऊन कलताना, जमिनीचा आकार त्यांनी डोळ्यांत भरून घेतला आणि त्याला घरातला शब्द दिला. उंचावरून जमीन वाचणे हे मावळच्या माणसाला नवे नाही. नवे आहे ते त्या वाचनाचे कागदावर उतरलेले रूप, म्हणजे हवाई छायाचित्र आणि त्याचा धाकटा भाऊ उपग्रहचित्र.

२००५मध्ये गूगल अर्थ आले आणि २००९मध्ये त्यात जुनी चित्रे मागे सरकवून पाहण्याची सोय झाली. त्याच वर्षी इस्रोचे ‘भुवन’ही सुरू झाले. तोवर हवाई छायाचित्र ही सरकारी कपाटातली वस्तू होती. आमच्यासारख्या हौशी माणसाला त्याचे दर्शनही दुर्मीळ. आता ते मोबाइलवर आले आहे. साहजिकच गडकोटांवरच्या आणि लेण्यांवरच्या मराठी लेखनात ‘उपग्रहचित्रात स्पष्ट दिसते की...’ अशी वाक्ये वाढली आहेत. काय दिसते, कोणाला दिसते आणि दिसले म्हणजे सिद्ध झाले का, हे तपासण्यासाठी हा लेख. तपासणीची सुरुवात मी माझ्याच चुकीपासून करतो. तेवढा अधिकार मला नक्की आहे.

माझे शिक्षण पुरातत्त्वाचे नाही. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात रेखाचित्र विभागात अनेक वर्षे काम केले. वरून पाहिलेली आकृती आणि बाजूने पाहिलेली आकृती यांचा मेळ घालणे हा पोटापाण्याचा धंदा होता. त्यामुळे उपग्रहचित्र आपल्याला सहज वाचता येईल असा एक समज मनात होता. तो फार काळ टिकला नाही.

कामशेत ते वडगाव या पट्ट्यात, इंद्रायणीच्या उत्तरेकडच्या एका माळावर मला पडद्यावर पाच वर्तुळे दिसली. जवळजवळ सारख्या मापाची, कडेला फिकट रेघ, मध्ये एक काळसर ठिपका. विदर्भात नागपूरजवळच्या जुनापाणीची महापाषाणीय शिळावर्तुळे मी पाहिली होती. दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुणे जिल्ह्यातल्या महापाषाणीय अवशेषांवर १९६२मध्ये लिहिले आहे हेही ठाऊक होते. दोन आणि दोन चार झाले. मी एक टिपण लिहिले, पडद्यावरचे चित्र जोडले आणि एका छोट्या नियतकालिकाकडे पाठवले. ते छापूनही आले. त्यानंतर तीन महिन्यांनी मी त्या माळावर गेलो. क्रम कसा उलटा होता पाहा.

माळावर एक बाई शेळ्या घेऊन होत्या. मी वर्तुळाची त्रिज्या मोजत असताना त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “दादा, काय हरवलंय का? ती आमची खळी हाईत. सासऱ्याच्या टायमाची.” कडेची फिकट रेघ म्हणजे खळ्याच्या काठाला लावलेले दगड. मधला ठिपका म्हणजे तिवडा रोवायचा खड्डा. त्या तिवड्याला बांधून बैलांची पात फिरायची, म्हणून वर्तुळ इतके नेमके. पाच घरांची पाच खळी, वारा मिळावा म्हणून उघड्या माळावर. मळणी यंत्र आल्यापासून ती ओस पडली होती. मी पुढच्या अंकासाठी दुरुस्ती पाठवली. पण दुरुस्ती वाचणारे थोडे आणि मूळ टिपण पुढे पाठवणारे फार. आजही कोणीतरी मला ‘मावळातल्या त्या शिळावर्तुळां’बद्दल विचारतो आणि मी पुन्हा खळ्यापासून सुरुवात करतो.

माझी चूक डोळ्यांची नव्हती. वर्तुळे खरीच होती. मी त्यांना जो शब्द दिला तो पुस्तकातून आणला होता, माळावरून नाही. ही चूक एकट्या माझी नसून या शास्त्राच्या आयात-निर्यातीतच दडलेली आहे असे मला पुढे दिसू लागले.

या शास्त्राचा पाया ब्रिटनमध्ये ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी घातला. पहिल्या महायुद्धात ते विमानातून टेहळणी करत. १९२०मध्ये ब्रिटिश भूमापन खात्याचे ते पहिले पुरातत्त्व अधिकारी झाले आणि १९२८मध्ये अलेक्झांडर कीलर यांच्यासह त्यांनी वेसेक्स प्रांताच्या हवाई छायाचित्रांचा ग्रंथ काढला. जुने अवशेष वरून तीन प्रकारे दिसतात. पहिली सावलीची खूण : जमिनीपासून वीतभर उंच राहिलेला बांध सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात लांब सावली टाकतो. दुसरी मातीची खूण : बुजलेल्या खंदकाची माती नांगरल्यावर वेगळ्या रंगाची दिसते. तिसरी पिकाची खूण : पुरलेल्या भिंतीवर पीक खुरटते, बुजलेल्या चरावर ते उंच आणि हिरवे वाढते. सीरियाच्या वाळवंटात आंत्वान प्वादबार या फ्रेंच धर्मगुरूने तिरप्या उन्हाच्याच बळावर रोमन सीमेवरची ठाणी आणि रस्ते शोधले. त्यांचा ग्रंथ १९३४चा.

क्रॉफर्डबद्दलची एक गोष्ट आमच्याकडे कमी सांगितली जाते. स्टोनहेंजच्या जुन्या वाटेचा हरवलेला भाग त्यांनी हवाई छायाचित्रांत ओळखला तो १९२३मध्ये. पण ते तिथे थांबले नाहीत. जागेवर जाऊन चर खणले आणि खंदक खरोखर आहेत याची खात्री केली. आमच्याकडे छायाचित्र आले, चर मागेच राहिले. अर्थात हौशी माणसाने खणायचे नसतेच. तो कायद्याने गुन्हा आहे आणि अवशेषांचाही घात. पण न खणताही खात्री करण्याचे मार्ग असतात : पायी जाणे, मोजणे, खापरे जागेवरून न हलवता नोंदवणे, गाव नकाशा आणि सातबारा पाहणे, आणि सगळ्यात आधी शेळ्या राखणाऱ्या बाईला विचारणे.

आता त्या तीन खुणा मावळात लावून पाहू. क्रॉफर्डची जमीन खडूच्या दगडाची, पातळ मातीची, गव्हा-जवाची. आमची जमीन काळ्या पाषाणाची. खोऱ्यात भाताची खाचरे, उतारावर वरकस, त्यावर जंगल आणि कारवी. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पिकाची खूण उन्हाच्या ताणावर उमटते. पाण्यात उभ्या असलेल्या भाताला तो ताण कुठला? शिवाय पीक उभे असते तेव्हा आकाशात ढग. म्हणजे तिसरी खूण इथे जवळजवळ निकामी. मातीची खूणही फसवी, कारण खाचर दर वर्षी चिखलणी करून सपाट केले जाते आणि शतकानुशतके बांध हलत आले आहेत. हाती उरते सावलीची खूण. ती मात्र मावळात उत्तम चालते, पण तिचा हंगाम ओळखावा लागतो.

दिवाळीनंतर गवत पिवळे पडू लागते आणि सूर्य दक्षिणेकडे झुकतो, तेव्हापासून माघापर्यंतची चित्रे जोत्यांसाठी चांगली. विसापूरच्या विस्तीर्ण माथ्यावर पडक्या भिंतींच्या रेषा या दिवसांत उठून दिसतात. भादव्यात तोच माथा एकसंध हिरवा गालिचा असतो. फाल्गुन-चैत्रात वणवा लागून गेलेला उतार हा वनाचा नाश आहे, पण त्या काळ्या उतारावर एरवी कारवीखाली दडलेली पायवाट नि दगडी पायऱ्या उघड्या पडतात हेही खरे. आणि वळवाचे पहिले पाणी पडल्यावर कातळात खोदलेली टाकी आरशासारखी चमकतात. म्हणजे एकाच जागेची निदान तीन ऋतूंतली चित्रे पाहिल्याशिवाय बोलू नये. एकाच चित्रावर लिहिलेला लेख म्हणजे एकाच साक्षीदारावर दिलेला निकाल.

सावलीतही एक गोम आहे. आपल्याकडे बहुतेक काळ ऊन दक्षिणेकडून येते, सावली उत्तरेला पडते. उत्तर वर ठेवून चित्र पाहिले तर सावली वरच्या बाजूला जाते. डोळ्याला मात्र प्रकाश वरून येण्याची सवय असते. परिणामी खळगा उंचवट्यासारखा आणि उंचवटा खळग्यासारखा भासतो. कुरवंडे घाटाच्या माथ्याकडचा एक पाण्याचा चर मी कितीतरी दिवस पडकी भिंत समजत होतो. १६६१च्या उंबरखिंडीच्या लढाईआधी कारतलबखान याच कुरवंड्याच्या वाटेने खाली उतरला होता, त्यामुळे माझी भिंत लगेच चौकीची भिंत झाली! एका मित्राने कागद उलटा धरला, सावली आपल्याकडे आणली, आणि भिंत खड्ड्यात गेली. उपाय एवढाच, पण तो कळायला आधी भिंत गमवावी लागते.

खळ्याच्या धड्यानंतर मी एक वही केली. मावळात वरून ‘जुने’ दिसणारे पण जुने नसलेले काय काय असते, याची. तिच्यातल्या पहिल्या चार नोंदी येथे देतो. पहिली, राब. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळलेली जागा उन्हाळ्यात काळ्या चौकोनासारखी दिसते आणि पावसाच्या तोंडावरच्या एखाद्या निरभ्र दिवशी तोच चौकोन आजूबाजूच्या जमिनीत एकटाच गर्द हिरवा असतो. परदेशी पुस्तक उघडले तर हे पुरलेल्या वास्तूचे आदर्श लक्षण. दुसरी, डोंगरउतारावरचे सलग समतल चर. वनीकरणासाठी खणलेल्या या समांतर रेषा काही वर्षांत बुजतात आणि तटांच्या रांगा वाटू लागतात. तिसरी, फार्महाऊसचे प्लॉटिंग. रस्ते आखले, विक्री झाली नाही, गवत वाढले. वरून पाहावे तर एखादे प्राचीन नगर. चौथी, दगडाच्या खाणी : त्यांचे कोरलेले कोन लेण्यांच्या अंगणासारखे भासतात. या प्रत्येक नोंदीमागे माझा किंवा माझ्या ओळखीच्या कोणाचा तरी एक फसलेला ‘शोध’ आहे.

या पार्श्वभूमीवर मराठीत हवाई छायाचित्रांचे काय झाले ते पाहू. नौदलात छायाचित्रकार राहिलेल्या गोपाळ बोधे यांनी दीपगृहे, किल्ले, मुंबई, गोवा आकाशातून टिपले. उद्धव ठाकरे यांच्या ‘महाराष्ट्र देशा’ या पुस्तकाने गडांचे आकाशातून दिसणारे रूप घरोघरच्या टेबलावर आणले. या कामाचे मोल मी कमी मानत नाही. गड म्हणजे दरवाजा आणि बुरूज एवढेच नसून डोंगराचा सगळा देह असतो, हे अशा चित्रांनी सामान्य वाचकाला शिकवले. पण ही चित्रे सौंदर्यासाठी काढलेली आहेत. ती काढणाऱ्यांनी कधी दुसरा दावा केला नाही. दावा केला तो त्यांचा पुरावा म्हणून वापर करणाऱ्यांनी. पावसाळ्यातला धुक्यातून वर आलेला गड डोळ्याला सुखावतो, पण त्यातले गवत सगळी जोती झाकून बसलेले असते. संशोधकाला हवा असतो तो जानेवारीतला, रखरखीत, फोटोला अगदीच बेचव असा गड.

ड्रोन आल्यावर ही गल्लत वाढली. आजच्या गडविषयक पुस्तकांत आणि दिवाळी अंकांतही ड्रोनचित्रे भरपूर असतात. त्यांतली बहुतेक मी एका साध्या कसोटीवर पाहतो : तारीख आहे का, उत्तर दिशा आहे का, मोजपट्टी आहे का, चित्र सरळ खाली पाहून घेतले की तिरपे? चारही उत्तरे क्वचित मिळतात. लेखातल्या मजकुराला आपण तळटीप मागतो. चित्राला मागत नाही. चित्र हे सजावट आहे असे आपण मनात धरून चालतो, आणि मग त्याच सजावटीवर अनुमानाचा मजला चढवतो. मला हा संपादकीय शिस्तीचा प्रश्न वाटतो आणि तो सुटण्याजोगा आहे. चित्राखाली एक ओळ वाढवायची आहे, इतकेच. परवानगीचीही बाब आहेच. कार्ले, भाजे, बेडसे, लोहगड, विसापूर ही केंद्रीय संरक्षित स्मारके. लोणावळ्यात नौदलाचे आयएनएस शिवाजी. ‘कोणी पाहिले नाही’ ही परवानगी नव्हे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. नेमकी जागा अक्षांश-रेखांशासह जाहीर करण्याची हौस घातक आहे. मावळात गुप्तधनासाठी खणणाऱ्यांची जमात जिवंत आहे. पडद्यावरचा बिंदू त्यांनाही दिसतो. माझी जुनी टिपणे वाचताना आज मला चुकीच्या निष्कर्षांपेक्षा त्यांतल्या बरोबर पत्त्यांची जास्त भीती वाटते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मावळ समजून घ्यायला आकाश हवेच कशाला? कोसंबी याच परिसरात पायी फिरले. जुन्या वाटा, देवींची ठाणी आणि सूक्ष्मास्त्रे सापडण्याच्या जागा यांचा संबंध त्यांनी चालत जोडला. १९६२च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त ते सारे वाचायला मिळते. कार्ल्याच्या लेखांत ‘मामाल’ हे नाव येते, तेच आजचे मावळ. तिथल्या मामालच्या अधिकाऱ्याला राजाज्ञा आहे की वलुरक लेण्यांतल्या भिक्षूंना करजक गाव द्यावे. हे गाव कोणते? आजच्या मावळात करंजगाव आहे, करुंजही आहे. उपग्रहचित्रात दोन्ही दिसतात आणि दोन्हीपैकी एकही काही बोलत नाही. जिथे प्रश्न नावाचा, दानाचा, श्रद्धेचा आहे तिथे छायाचित्र मुके असते. ते कबूल केले पाहिजे.

पण पायी चालण्यालाही एक अट असते : चालायला जमीन शिल्लक हवी. पवन मावळात ती नाही. पवना धरण १९७२च्या सुमारास पूर्ण झाले आणि नदीकाठची गावे, खाचरे, देवळे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरले की वाघेश्वराचे प्राचीन मंदिर तेवढे बाहेर येते. बाकीच्या तळावर कोणी कोसंबी आता चालू शकत नाही.

इथे एक अनपेक्षित साक्षीदार उभा राहतो. अमेरिकेने १९६० ते १९७२ या काळात ‘कोरोना’ नावाचे हेर-उपग्रह सोडले. चित्रे फिल्मवर घेतली जात आणि फिल्मची कुपी वातावरणात सोडून विमानाने अधांतरी झेलली जाई. १९९५मध्ये ही आठ लाखांहून अधिक चित्रे खुली झाली. आज ती संगणकावर शोधता येतात आणि किरकोळ शुल्कात मागवता येतात. १९६७नंतरच्या कॅमेऱ्यांत साधारण १.८ मीटरपर्यंतचा तपशील ओळखू येतो. एक कॅमेरा पुढे पाहणारा, एक मागे. त्यामुळे दोन चित्रे शेजारी ठेवून स्टिरिओस्कोपमधून पाहिली तर डोंगर कागदातून वर येतो. शत्रूची क्षेपणास्त्रे मोजायला निघालेल्या त्या डोळ्याने वाटेत पवनेचे न बुडालेले खोरेही टिपून ठेवले. टाटांच्या वळवण, शिरोता या तलावांच्या तळाला हे भाग्य नाही. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५मध्ये सुरू झाले. त्या पाण्याखालच्या जमिनीसाठी जुने नकाशे आणि महसुली दफ्तर एवढाच आधार.

मी अशी एक पट्टी मागवली. क्यूजीआयएस या मोफत प्रणालीत ती आजच्या चित्रावर बसवायला तीन आठवडे लागले, कारण पट्टीच्या कडांना चित्र ताणले जाते आणि डोंगराळ भागात प्रत्येक उंचीची चूक वेगळी. ताळा जुळवायला स्थिर खुणा लागतात : तुंगचा सुळका, तिकोन्याचा माथा, लोहगडाचा विंचूकाटा. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांचीच मदत शेवटी झाली म्हणायची. खोऱ्यात नदी होती, तिच्या काठाने खाचरांची जाळी होती, झाडांचे ठिपके होते. काही गोल आकारही होते. या वेळी मी त्यांना नाव दिले नाही.

मोठा छापील कागद घेऊन मी एका आजोबांकडे गेलो. धरणात गाव गेले तेव्हा ते तरणेताठे होते. चष्मा लावून त्यांनी कागद फिरवला, सावली आपल्याकडे येईपर्यंत. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. मग बोट ठेवत गेले. “ह्यो ओढा. हितं वड होता. ही वाट कोळवणाकडं जायची... न्हाई, ही त्या अंगाची.” एका गोल ठिपक्यावर बोट थांबले. मी विचारले, “आबा, खळं का?” ते म्हणाले, “खळं हिकडं. ही वेस. हितं म्होरं येशीचा दगूड व्हता, त्येला आमी शेंदूर लावायचो. कवाचा व्हता कुणाला ठावं.”

तो दगड वीरगळ होता, सतीशिळा होती की नुसता धोंडा, हे आता कळणार नाही. पण तो कुठे होता हे आता नोंदले गेले आहे, सांगणाऱ्याच्या शब्दांसह. अशी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. धरणाच्या वेळी ज्यांना कळत होते ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. दुसरीकडे पाण्याबाहेरची जमीनही सपाट होते आहे; जुलै २०२५मध्ये लोहगड जागतिक वारसा यादीत गेला, त्याचा आनंद आहेच, पण त्याच्या पायथ्याशी जेसीबी थांबलेला नाही. दहा वर्षांपूर्वीच्या चित्रात दिसणारी दोन-तीन जोती आजच्या चित्रात बंगल्याच्या हिरवळीखाली आहेत. त्यांची माझ्याकडे असलेली नोंद अपुरी आहे, कारण तेव्हा मी पडद्यावर वर्तुळे शोधत होतो आणि त्या जागी गेलो नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. ज्यांच्याकडे संगणक आहे आणि ज्यांचे आजोळ बुडीत गावात होते, त्यांनी या दिवाळीच्या सुटीत एक पट्टी मागवावी, मोठ्या कागदावर छापावी आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसासमोर ठेवावी. आपण काही बोलू नये. ते कागद फिरवतील, तो फिरवू द्यावा. आणि त्यांचे बोट जिथे थांबेल तिथे पेन्सिलीने खूण करून, त्यांनी उच्चारलेला शब्द जसाच्या तसा लिहून ठेवावा.